अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू आणि एचआयव्ही : वर्धा जिल्ह्यातील रुग्णांनी कोणती गोळी थांबवावी, कोणती थांबवू नये

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा जगभर अँटिबायोटिकच्या जपून वापरासाठी पाळला जातो. त्यानंतर आठवड्याभरात, १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिन येतो. पहिल्या मोहिमेत सांगतात, 'अँटिबायोटिक उगाच घेऊ नका.' दुसऱ्या मोहिमेत सांगतात, 'औषधाचा एक डोसही चुकवू नका.' तुमच्या घरात कोणी एचआयव्हीसह जगत असेल, तर हे दोन्ही निरोप तुमच्याच दारात येतात आणि गोंधळ उडतो. कारण एआरटी केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये बऱ्याच जणांना एक अँटिबायोटिकही दिलेले असते. मग ते बंद करायचे का? आणि ताप आल्यावर गावातल्या मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांचे काय?

थोडक्यात उत्तर असे आहे. एआरटी केंद्राच्या डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेली को-ट्रायमोक्साझोलची गोळी स्वतःहून बंद करू नका. ताप, सर्दी, जुलाब झाले की तपासणीविना घेतलेल्या तीन-चार दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र थांबवा. या दोन गोष्टी वेगळ्या का आहेत, हे या लेखात समजून घेऊ.

सध्या हा विषय चर्चेत का आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२३ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या जिवाणूंच्या दर सहा संसर्गांपैकी एक संसर्ग नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा होता. भारत ज्या दक्षिण-पूर्व आशिया विभागात येतो, तिथे हे प्रमाण तीनात एक इतके आहे. लघवीच्या आणि रक्ताच्या संसर्गात वारंवार सापडणाऱ्या 'ई. कोलाय' या जिवाणूच्या ४० टक्क्यांहून अधिक नमुन्यांवर आणि 'क्लेबसिएला'च्या ५५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांवर सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनच्या गटातील औषधे चालत नाहीत. ही जगभराची आकडेवारी आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन म्हणजे आपल्याकडे ताप उतरला नाही की सर्रास लावले जाणारे इंजेक्शन.

पुढच्याच महिन्यात, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्र सरकारने या प्रश्नावरचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तो २०२५ ते २०२९ या काळासाठी आहे. पहिला आराखडा २०१७ साली आला होता.

दुसरीकडे, भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. देशात मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. २०१७ पासून तर एचआयव्हीचे निदान होताच, सीडी४ कितीही असो, उपचार सुरू केले जातात. त्यामुळे हे लोक आता दीर्घकाळ आणि चांगले जगतात. पण दीर्घकाळ जगणे म्हणजे दवाखान्याशी दीर्घकाळ संबंध, आणि त्याबरोबर आयुष्यभरात अँटिबायोटिकचे अधिक डोस. म्हणूनच अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जिवाणूंचा प्रश्न त्यांच्यासाठी अधिक महत्त्वाचा ठरतो.

जिवाणू औषधाला का जुमानत नाहीत?

वर्धा जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे किती नुकसान केले, ते तुम्ही पाहिले असेल. बीटी कपाशीत अळीला मारणारे विष असते. वर्षानुवर्षे तेच विष वापरात राहिले, तेव्हा त्यातून वाचलेल्या मोजक्या अळ्यांची पुढची पिढी वाढत गेली आणि शेवटी त्या विषाला न जुमानणारी अळीच शेतभर झाली.

जिवाणूंचेही असेच होते, फक्त फार लवकर. त्यांची पिढी काही मिनिटांत ते काही तासांत बदलते. शिवाय अळीला जमत नाही अशी एक गोष्ट जिवाणूंना जमते. औषधाला तोंड देण्याची क्षमता ज्या जनुकांमुळे येते, ती जनुके एक जिवाणू शेजारच्या दुसऱ्या जिवाणूला सरळ देऊ शकतो. एकाच वेळी तीन-चार औषधांविरुद्धची जनुकेही अशी एकत्र जातात. म्हणून एका औषधाचा वापर वाढला की कधी कधी दुसऱ्याच औषधाचा परिणामही कमी होतो.

इथे एक गैरसमज दूर करू. एचआयव्ही हा विषाणू आहे. एआरटीचे डोस चुकले, तर तो विषाणू एआरटीच्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. तो प्रश्न वेगळा आहे. या लेखात आपण बोलत आहोत ते जिवाणूंबद्दल, म्हणजे आतड्यात, त्वचेवर, नाकात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांबद्दल. एआरटीच्या गोळ्यांमुळे जिवाणू अँटिबायोटिकला निर्ढावत नाहीत. उलट एआरटी नियमित घेतल्याने संसर्ग कमी होतात, म्हणून अँटिबायोटिकही कमी लागते.

जिवाणू अंगावर असणे म्हणजे आजार नव्हे

आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात आणि त्वचेवर अब्जावधी जिवाणू असतात. त्यातले बहुतेक उपयोगाचे असतात. त्यांच्यातच काही औषधांना न जुमानणारे असू शकतात. ते शांतपणे राहत असतील तर त्यांना वैद्यकीय भाषेत 'वसाहत' म्हणतात. त्या व्यक्तीला ताप नसतो, दुखत नसते, काहीच होत नसते. हेच जिवाणू जखमेत, लघवीच्या मार्गात, फुप्फुसात किंवा रक्तात शिरले आणि त्रास सुरू झाला, तर तो 'संसर्ग'.

या फरकाला उपचारात फार महत्त्व आहे. संसर्गावर औषध द्यावे लागते, नुसत्या वसाहतीवर सहसा नाही. लघवीच्या तपासणीत जिवाणू सापडले, पण जळजळ, ताप, पोटात दुखणे यातले काही नाही, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नसते. गरोदर स्त्रिया आणि लघवीच्या मार्गावर शस्त्रक्रिया होणार असलेले रुग्ण हे याला महत्त्वाचे अपवाद. केवळ अहवालात जिवाणूचे नाव दिसले म्हणून औषध घेतले, तर औषधाला जुमानणारे जिवाणू मरतात आणि न जुमानणाऱ्यांना मोकळे रान मिळते.

एचआयव्ही असलेल्यांमध्ये असे जिवाणू जास्त का आढळतात?

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे की मेथिसिलिनला न जुमानणारा 'स्टॅफिलोकोकस' हा जिवाणू (डॉक्टर त्याला एमआरएसए म्हणतात) एचआयव्ही असलेल्यांच्या नाकात आणि त्वचेवर इतरांपेक्षा जास्त वेळा सापडतो. यामागे चार मुख्य कारणे आहेत.

१. दवाखान्याच्या फेऱ्या. औषधांना न जुमानणारे जिवाणू रुग्णालयात जास्त असतात. भरती होण्याची वेळ जितकी जास्त, तितका त्यांच्याशी संपर्क जास्त.

२. अँटिबायोटिकचा वापर. प्रतिकारशक्ती कमी असताना संसर्ग वारंवार होतात आणि औषधेही वारंवार दिली जातात. काही गरजेची असतात, काही नसतात.

३. कमी झालेल्या सीडी४ पेशी. या पेशी संरक्षणाचे काम करतात. त्या कमी असल्या की बाहेरून आलेला जिवाणू सहज ठाण मांडतो.

४. आतड्याचे नुकसान. एचआयव्ही सुरुवातीच्या काळातच आतड्याच्या अस्तरातील सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट करतो. त्यामुळे आतड्यातील जिवाणू आणि त्यांचे अंश रक्तात झिरपणे सोपे होते.

यातले तिसरे आणि चौथे कारण एआरटीने बऱ्याच अंशी सुधारते. पहिली दोन कारणे तुमच्या आणि आमच्या, म्हणजे रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्या, सवयींवर अवलंबून आहेत.

'यांच्यामुळे जंतू पसरतात' असे कोणी म्हटले तर

हे वाक्य ऐकून घेऊ नका. नेदरलँड्समधील संशोधकांनी परदेश प्रवास करणाऱ्या सुमारे दोन हजार लोकांच्या शौचाची तपासणी प्रवासापूर्वी आणि प्रवासानंतर केली. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जाताना ज्यांच्या आतड्यात औषधांना न जुमानणारे जिवाणू नव्हते, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोक ते जिवाणू घेऊन परतले. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या भागात, आलेल्या प्रवाशांमध्ये हे प्रमाण ७५ टक्के होते. ही माणसे प्रवासापुरतीच इथे आली होती. त्यांना हे जिवाणू इथल्या पाण्यातून, अन्नातून, हातांमधून मिळाले.

याचा अर्थ असा की हे जिवाणू आपल्या सगळ्यांच्याच परिसरात आहेत. गावातल्या निरोगी माणसाच्या आतड्यातही ते असू शकतात. त्यासाठी एका माणसाकडे किंवा एका आजाराकडे बोट दाखवणे चुकीचे आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा देणारी गोष्ट दिसली. जिवाणू घेऊन परतलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या शौचातून ते साधारण महिनाभरात नाहीसे झाले. वर्षभरानंतरही ते टिकून असलेले लोक ११ टक्के होते. म्हणजे पुन्हा पुन्हा अँटिबायोटिकचा मारा झाला नाही, तर शरीरातले चांगले जिवाणू आपली जागा परत घेऊ शकतात.

को-ट्रायमोक्साझोल : जी गोळी स्वतःहून थांबवायची नाही

सेप्ट्रान, बॅक्ट्रिम अशा नावांनी ही गोळी अनेकांना माहीत आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात साधारणपणे सीडी४ ३५० च्या खाली असेल किंवा आजार पुढच्या टप्प्यावर असेल, तर ती रोज दिली जाते. न्युमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा जीवघेणा न्यूमोनिया, मेंदूवर परिणाम करणारा टॉक्सोप्लाझ्मा, शिवाय काही जिवाणूंचे संसर्ग यांपासून ती वाचवते.

रोज अँटिबायोटिक घेतल्याने आतड्यातले जिवाणू त्या औषधाला निर्ढावतात, हे खरे आहे. ही गोळी घेणाऱ्याच्या लघवीच्या किंवा शौचाच्या अहवालात को-ट्रायमोक्साझोलसमोर 'आर', म्हणजे 'औषध चालत नाही', असे आले तर आश्चर्य वाटायला नको. इथेच अनेक जण, कधी कधी दुसऱ्या दवाखान्यातले डॉक्टरही, म्हणतात, 'मग ही गोळी कशाला?'

याचे उत्तर झांबियातील एका मोठ्या अभ्यासाने २००४ साली दिले. तिथल्या जिवाणूंमध्ये या औषधाला न जुमानण्याचे प्रमाण ६० ते ८० टक्के होते. तरीही एचआयव्ही असलेल्या ज्या मुलांना रोज ही गोळी दिली, त्यांच्यातील मृत्यू गोळी न मिळालेल्या मुलांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी झाले. असे होण्याचे एक कारण समजायला सोपे आहे. अहवालातला 'आर' त्या नमुन्यात सापडलेल्या एका जिवाणूबद्दल असतो. न्युमोसिस्टिस आणि टॉक्सोप्लाझ्मा त्या अहवालात तपासलेच जात नाहीत, आणि त्यांच्यापासूनचे संरक्षण सुरूच राहते.

ही गोळी जन्मभर घ्यावी लागते असेही नाही. एआरटी सुरू असताना सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत सीडी४ ३५० च्या वर आला आणि इतर गंभीर आजार नसेल, तर डॉक्टर ती बंद करतात. एआरटी नियमित घेणे हाच या अँटिबायोटिकमधून सुटण्याचा सरळ मार्ग आहे. सीडी४ वाढूनही गोळी सुरूच असेल, तर पुढच्या भेटीत जरूर विचारा, 'माझी ही गोळी आता बंद करता येईल का?' मात्र निर्णय डॉक्टरांचाच असू द्या. गोळीमुळे अंगावर पुरळ आले, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले, तर लगेच केंद्रात दाखवा.

थांबवायचे आहे ते हे

पावसाळ्यात ताप येतो. आर्वी, आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या गावातून वर्धा, सेवाग्राम किंवा सावंगीला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या जातात. सर्दी-खोकला, घसा दुखणे आणि बहुतेक साधे ताप विषाणूंमुळे होतात. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. साध्या पातळ जुलाबातही मुख्य उपचार ओआरएस हाच आहे. ताप दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो आणि श्रेय गोळीला जाते.

एचआयव्ही असलेल्या व्यक्तीसाठी यात एक जास्तीचा धोका आहे, तो टीबीचा. लेव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटातील औषधे टीबीच्या जिवाणूलाही काही प्रमाणात दाबतात. टीबी असताना ही गोळी घेतली, तर आठवडाभर बरे वाटते, खोकला कमी होतो आणि खरा आजार आत वाढत राहतो. निदानाला उशीर होतो. त्यातच टीबीचा जिवाणू या महत्त्वाच्या औषधाला निर्ढावू शकतो. म्हणून एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला खोकला, ताप, वजन घटणे किंवा रात्री घाम येणे यातले एकही लक्षण असेल, तर आधी टीबीची तपासणी, मग अँटिबायोटिक, हा क्रम लक्षात ठेवा. सरकारी दवाखान्यात थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी मोफत होते. टीबी निघाला, तर एआरटी केंद्राला लगेच कळवा, कारण टीबीच्या औषधांबरोबर डोल्युटेग्राविरचा डोस वाढवावा लागू शकतो.

सेफिक्झिम आणि लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' या यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराने त्यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे ठेवायची असते. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही एवढे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्याही परत वापरू नका आणि शेजाऱ्याला देऊ नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय विचारावे?

अँटिबायोटिक लिहून दिले, तर तीन प्रश्न नम्रपणे विचारायला हरकत नाही. 'डॉक्टर, हा जिवाणूंचा आजार आहे का?' 'औषध सुरू करण्याआधी लघवी, रक्त किंवा पू यांची कल्चर तपासणी करता येईल का?' 'किती दिवस घ्यायचे?'

कल्चर म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणे. त्याला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. नमुना औषधाच्या पहिल्या डोसआधी घेतला, तर निकाल खात्रीचा येतो. आजार गंभीर असेल, तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर ते बदलतात. त्यात काही चुकीचे नाही. अहवालात 'एस' म्हणजे औषध चालते, 'आर' म्हणजे चालत नाही. 'आय' म्हणजे काही परिस्थितीत किंवा जास्त डोसमध्ये चालू शकते. सर्वांत महागडे किंवा सर्वांत नवे औषध म्हणजे सर्वांत चांगले असे नसते. साध्या औषधासमोर 'एस' असेल, तर तेच योग्य.

तुमच्याकडून डॉक्टरांना एक माहिती हवी असते. गेल्या तीन महिन्यांत कोणते अँटिबायोटिक घेतले आणि कधी भरती झालात? एआरटीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर औषधाचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. लिहिता येत नसेल, तर रिकामे पाकीट जपून ठेवा. यावरून डॉक्टरांना पहिले औषध निवडायला मोठी मदत होते.

भरती व्हावे लागले तर

औषधांना न जुमानणारा जिवाणू सापडला, तर रुग्णालयात काही खबरदारी घेतली जाते. कर्मचारी हातमोजे, गाऊन वापरतात, कधी वेगळी खोली दिली जाते. याला 'संपर्क खबरदारी' म्हणतात. ती जिवाणूमुळे असते. मधुमेहाच्या, कर्करोगाच्या किंवा अपघाताच्या रुग्णालाही अशा जिवाणूसाठी तीच खबरदारी लागू होते.

एचआयव्हीसाठी वेगळी खोली किंवा खाटेवर पाटी लागत नाही. रक्ताबाबतची काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची असते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार एचआयव्हीमुळे उपचार नाकारणे किंवा भेदभाव करणे बेकायदेशीर आहे आणि तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती उघड करता येत नाही. नातेवाइकांना वेगळे काही जाणवले, तर शांतपणे विचारा, 'ही खबरदारी कशासाठी आहे?' उत्तर मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. शंका असल्यास राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन १०९७ वर मोफत फोन करता येतो.

भेटायला येणाऱ्यांनी खाटेजवळ जाण्यापूर्वी आणि नंतर हात धुवावेत. लघवीची नळी, सलाईनची सुई यांच्याबद्दल दररोज विचारा, 'ही अजून लागणार आहे का?' नळी जितके दिवस जास्त, तितका संसर्गाचा धोका जास्त.

वर्धा जिल्ह्यात काय व्हायला हवे?

सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अँटिबायोटिक-प्रतिरोधावर लक्ष ठेवणाऱ्या देशव्यापी जाळ्यात सहभागी आहे. सावंगी येथेही वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय आहे. कल्चरची सोय आणि अनुभवी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जिल्ह्यातच असणे ही जमेची बाजू आहे.

पण असे जाळे मुख्यतः मोठ्या रुग्णालयात आलेल्या आजारी लोकांच्या नमुन्यांवर चालते. गावात राहून एआरटी घेणारा, कामावर जाणारा माणूस त्यात मोजला जात नाही. त्याच्या आतड्यात कोणते जिवाणू आहेत, हे तो गंभीर आजारी पडून मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावरच कळते. नवा राष्ट्रीय आराखडा कागदावरून गावापर्यंत यायचा असेल, तर तीन साध्या गोष्टी आधी व्हायला हव्यात. तालुक्याच्या रुग्णालयात घेतलेला नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोहोचावा आणि अहवाल फोनवर कळावा. एआरटीच्या नोंदींत सीडी४ आणि व्हायरल लोडबरोबर घेतलेल्या अँटिबायोटिकचीही नोंद असावी. आणि को-ट्रायमोक्साझोल केंद्रात नेहमी उपलब्ध असावे, म्हणजे गोळी संपली म्हणून कोणाला दुकानातून दुसरेच काही घ्यावे लागणार नाही.

'अँटिबायोटिक कमी वापरा' हा संदेश देताना मोहिमेने हेही स्पष्ट सांगायला हवे की काही लोकांसाठी रोजची एक गोळी जीव वाचवणारी आहे. अर्धवट पोहोचलेल्या संदेशाने ती गोळी बंद झाली, तर मोहिमेचा हेतूच फसेल.

घरी काय करता येईल?

एआरटी रोज, ठरलेल्या वेळी घ्या. व्हायरल लोड दबलेला असणे हे सर्वांत मोठे संरक्षण आहे. पिण्याचे पाणी उकळून घ्या. माठातून पाणी काढायला दांड्याचा गडू वापरा, हात बुडवू नका. शौचानंतर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. टॉवेल, दाढीचे ब्लेड एकमेकांचे वापरू नका. गळू आले तर ते घरी फोडू नका. न्यूमोनिया आणि फ्लूच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा, कारण टळलेल्या प्रत्येक संसर्गाबरोबर एक अँटिबायोटिकही टळते. घरातल्यांनी रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवण्याची काहीही गरज नाही.

वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा

अँटिबायोटिक टाळायचे म्हणून आजार अंगावर काढायचा नाही. पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा : तापाबरोबर धाप लागणे, थंडी वाजून हुडहुडी भरणे, तीव्र डोकेदुखी किंवा मान आखडणे, झटके येणे, बोलण्यात किंवा शुद्धीत फरक पडणे, शौचातून रक्त, लघवी फार कमी होणे, झपाट्याने पसरणारी लाल सूज. सीडी४ २०० च्या खाली असेल, तर साधा वाटणारा तापही दाखवूनच घ्या. अशा वेळी वेळेवर दिलेले योग्य अँटिबायोटिक जीव वाचवते. त्या दिवशी ते औषध लागू पडावे, म्हणूनच आज ते उगाच वापरायचे नाही.

पुढच्या वेळी एआरटी केंद्रात जाताना गोळ्यांची डबी, पुस्तिका आणि मधल्या काळात घेतलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे एका पिशवीत घालून न्या. डॉक्टरांसमोर ती पिशवी रिकामी करा आणि प्रत्येक गोळी दाखवून विचारा, 'ही सुरू ठेवायची की थांबवायची?'